“मला चढत नाही” म्हणणाऱ्या भावाबद्दल

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. भाऊ ४१ वर्षांचा, एमआयडीसीत सुपरवायझर. बारा वर्षांपासून रोज रात्री एक क्वार्टर. भांडण नाही, शिवीगाळ नाही, कामावर खाडा नाही. कंपनीच्या रक्ततपासणीत यकृताचे दोन आकडे, एसजीओटी ११८ आणि एसजीपीटी ५२ आले, सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसली. तो म्हणतो, “मला चढतच नाही, मग मला काय होणार?” यंदा गटारी झाली की श्रावणभर कडकडीत बंद करणार आहे. गेल्या वर्षीही केलं होतं, पण तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्यांची रांग दिसते म्हणून चादर झटकत बसला. घरच्यांना वाटलं, ताप डोक्यात गेला असेल. आता वहिनींना कुणीतरी जेवणात कालवून द्यायची पावडर आणून दिली आहे. दारूनं शरीरात नक्की काय होतं आणि आता काय करावं, असं ताई विचारतात.

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. जिल्ह्याच्या गावी व्यसनमुक्तीचं काम करून बावीस वर्षं झाली. दोन गोष्टी आधी सांगतो, बाकीचं मागून सावकाश वाचा. ती पावडर जेवणात घालू नका. आणि भावाला स्वतःच्या मनानं एका दिवसात दारू बंद करू देऊ नका. दुसरं वाक्य वाचून तुम्ही दचकाल, पण गेल्या वर्षीच्या मुंग्या तापाच्या नव्हत्या. त्यांच्याकडे येतोच.

आधी हिशेब करू. आपल्याकडची व्हिस्की-रम साधारण ४२.८ टक्के अल्कोहोलची असते. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये शुद्ध अल्कोहोल ७७ मिली, वजनात ६१ ग्रॅमच्या आसपास. ३० मिलीच्या एका छोट्या पेगमध्ये दहा ग्रॅम. “बिअर म्हणजे काय दारू आहे का” असं म्हणणाऱ्यांसाठी: आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची एक बाटली म्हणजे ४१ ग्रॅम, म्हणजे चार पेग. आणि ‘एक क्वार्टर’ हा आकडा मी कधीच जसाच्या तसा धरत नाही. पेशंट सांगतो ती घरी आल्यावरची क्वार्टर असते. येताना दुकानासमोर उभ्यानं मारलेली नाईन्टी, म्हणजे ९० मिली, तो त्यात धरत नाही, कारण त्याच्या लेखी ते पिणं नव्हेच. पिणं म्हणजे बसणं, चकणा, ग्लास. मुंग्या दिसण्यापर्यंत गोष्ट गेली होती, म्हणून मला शंका आहे की तुमच्या भावाचाही आकडा १८० नसून २७० असावा.

पोटात गेलेल्या दारूतला थोडा भाग जठरातून रक्तात जातो, बराचसा लहान आतड्यातून. पोट भरलेलं असेल तर दारू जठरात अडकून राहते आणि सावकाश चढते, रिकाम्या पोटी धाडकन चढते. पण शेवटी जाते सगळीच. तिला बाहेर काढण्याचं काम जवळजवळ पूर्णपणे यकृताचं. तिथं अल्कोहोलचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं, आणि हे दारूपेक्षा जास्त विषारी आहे. मग त्याचं अ‍ॅसिटेट, आणि शेवटी पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. यकृताचा वेग ठरलेला असतो, तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम. लिंबूपाणी, कडक कॉफी, गार पाण्याची आंघोळ, ताक यांपैकी कशानंही हा वेग वाढत नाही. आंघोळीनं माणूस जागा होतो एवढंच. प्यायलेला माणूस जागा झाला, की जागा असलेला प्यायलेला माणूस होतो.

आता हे तुमच्या भावाला लावून बघा. वजन ७० किलो धरू. आठ वाजता नाईन्टी, मग घरी क्वार्टर, अकराला बाटली संपली. त्या वेळी रक्तात दर १०० मिलीला साधारण १४५ मिलिग्रॅम अल्कोहोल असेल. ते तासाला पंधराच्या गतीनं उतरतं. पहिल्या शिफ्टसाठी साडेसहाला तो मोटारसायकलला किक मारतो, तेव्हा अजून ३०-३५ शिल्लक. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे मर्यादा ३० आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीपासून पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. म्हणजे झोपून उठलेला, दात घासलेला, चहा प्यायलेला माणूस कायद्यानं प्यायलेलाच. रोज पिणाऱ्याचं यकृत थोडं जलद काम करतं, त्यामुळे हा आकडा माणसागणिक खालीवर होतो. पण रात्रीची रात्रीच उतरते हा समज सोडून द्या.

आता ‘चढत नाही’ या मुद्द्याकडे येतो. माझ्या मते तुमच्या सगळ्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच आहे, आणि तुमचा भाऊ त्याचा अर्थ बरोबर उलटा लावतो आहे.

दारू मेंदूत दोन कामं करते. मेंदूला शांत करणारी जी रसायनं असतात, त्यांचा, मुख्यतः गाबाचा, जोर वाढवते, आणि उत्तेजित करणाऱ्या ग्लुटामेटचा जोर कमी करते. सुरुवातीला हेच सुख वाटतं. पण मेंदू काही गप्प बसत नाही. घरात आजोबांना कमी ऐकू यायला लागलं की आपण त्यांच्याशी मोठ्यानं बोलायला लागतो. वर्षं जातात, तसा आवाज चढत जातो, आणि आपण ओरडतोय हे आपल्यालाही कळेनासं होतं. रोजच्या दारूपुढे मेंदू तसाच आवाज चढवतो. म्हणून पूर्वी दोन पेगला झिंग यायची ती आता क्वार्टरला येत नाही. लोक याला ‘कपॅसिटी’ म्हणतात आणि मित्रांत त्याचं कौतुक होतं. माझ्या वहीत त्याची नोंद लक्षण म्हणून होते, तीही बहुधा पहिलं लक्षण म्हणून.

आणि ही कपॅसिटी सगळ्या अंगाला येत नाही. चाल सरळ राहते, जीभ अडखळत नाही, कारण ते रोज सरावाचं झालेलं असतं. यकृताला, स्वादुपिंडाला, हृदयाला, घशाच्या अस्तराला कसली कपॅसिटी? न चढणाऱ्याच्या यकृतात चढणाऱ्यापेक्षा जास्तच दारू जाते. चढणारा तीन पेगवर आडवा होतो आणि थांबतो. न चढणाऱ्याला थांबवणारं कुणी नसतं.

निर्णयशक्तीचंही तसंच. मेंदूचा कपाळामागचा भाग हा आपल्यातला थोरला माणूस. थांब म्हणणारा, उद्याचं बघणारा, चूक झाली तर लक्षात आणून देणारा. दारूचा परिणाम यावर फार लवकर होतो, पाय लटपटण्याच्या कितीतरी आधी. अडचण ही, की “मी ठीक आहे का?” हा प्रश्न ज्याला विचारायचा तोच आधी आडवा झालेला असतो. म्हणून प्यायलेल्या माणसाच्या “मी एकदम ओके आहे” या वाक्याला मी काडीची किंमत देत नाही. तो खोटं बोलत नसतो. त्याला तसंच वाटत असतं.

एक पेशंट मला ठामपणे सांगत होते, “डॉक्टर, मी पिऊन कधी मोठा निर्णय घेत नाही.” मागून बायको म्हणाली, “आणि प्लॉटचा इसार कुणी दिला?” ढाब्यावर मित्राच्या मित्रानं प्लॉट सुचवला आणि यांनी तिथल्या तिथं एक्कावन्न हजार पाठवले. प्लॉटवरून हाय टेन्शनची लाईन गेलेली. मला नवल याचं वाटलं, की तो प्लॉट त्यांनी आधी दोनदा पाहिलेला होता. लाईन माहीत होती. ढाब्यावरही आठवत होती. फक्त त्या क्षणी तिचं वजन वाटलं नाही. समोर बसलेल्या माणसाचं “आज उद्या करू नका शेठ” हे वजनदार वाटलं. दारूनं माहिती पुसली जात नाही. जवळचं मोठं दिसतं आणि लांबचं दिसेनासं होतं. भांडणात समोरच्याचा एक शब्द मोठा दिसतो आणि पोलीस स्टेशन लांब राहतं. गाडीवर घर जवळ वाटतं आणि वळणावरचा ट्रक लांब.

दारू पटापट प्यायली तर याच्या पुढचा प्रकार घडतो. माणूस बोलतो, बिल देतो, गाडी चालवत घरी येतो, आणि सकाळी त्यातलं काहीच आठवत नाही. तो शुद्धीवर होता, पण आठवणी साठवणारा मेंदूचा भाग बंद पडला होता. नोंद झालीच नाही, तर आठवणार कुठून? बायकोला वाटतं नाटक करतोय. बहुतेक वेळा नाटक नसतं.

आणि मग संध्याकाळी सहाचा निर्णय. सकाळी चहा घेताना “आजपासून बंद” म्हणणारा माणूस संध्याकाळी दुकानासमोर कसा? घरचे म्हणतात जबान नाही. पण सहा वाजता शेवटचा घोट घेऊन एकोणीस तास झालेले असतात, आणि आवाज चढवून बसलेला मेंदू आता मोकळा ओरडत असतो. घाम, धडधड, चिडचिड, हाताला बारीक कंप. त्या अवस्थेत “आज एकच घेतो” हे त्याला औषधासारखं वाटतं. सकाळच्या निश्चयाची परीक्षा मी संध्याकाळी घेत नाही. त्यापेक्षा येण्याचा रस्ता बदलायला लावतो, आणि कामावरून सुटल्यावर आधी पोटभर खायला सांगतो. रिकामं पोट आणि ओळखीचं दुकान एकाच वळणावर यायला नको.

रिपोर्टबद्दल. बाकी बहुतेक यकृताच्या आजारांत एसजीपीटी जास्त असतं. एसजीओटी त्याच्या दुपटीच्या वर असेल, तर डॉक्टरच्या मनात पहिली दारू येते. तुमच्या भावाचं गणित तसंच आहे. चरबीची पायरी सुदैवानं मागे फिरणारी आहे. दारू पूर्ण थांबली तर चार-सहा आठवड्यांत बराच फरक पडतो. पुढची पायरी सूज, त्यापुढची सिरॉसिस. तिथं यकृतात व्रण पडून ते आक्रसतं. पोटात पाणी होतं, अन्ननलिकेच्या शिरा फुगून रक्ताची उलटी होऊ शकते, माणूस भ्रमिष्टासारखा बोलायला लागतो. यकृत दुखत नाही, त्यामुळे ते आधी ओरडून सांगत नाही. आणि हेही सांगतो, की एसजीओटी नॉर्मल आलं म्हणजे यकृत ठीक, असं नाही. सिरॉसिस झालेल्यांचेही हे आकडे कधी कधी नॉर्मल येतात. “रिपोर्ट क्लिअर आहे” म्हणून पार्टी केलेले लोक मी पाहिले आहेत.

बाकीच्या अवयवांचं भरभर सांगतो. रक्तदाब वाढतो. एका रात्री खूप प्यायल्यावर हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. स्वादुपिंडाला सूज आली तर पोटातली कळ पाठीत जाते आणि माणूस गुडघे पोटाशी घेऊन बसतो. झोप लवकर लागते पण दुसऱ्या निम्म्या रात्रीत मोडते, त्यामुळे “दारूशिवाय झोप येत नाही” म्हणणाऱ्याची झोप दारूनंच बिघडवलेली असते. लैंगिक ताकद कमी होते. हे पुरुष विचारत नाहीत, दाराशी जाऊन परत येतात आणि मग विचारतात. जीवनसत्त्व बी-वनच्या अभावानं तळपाय बधिर होतात. पायातली चप्पल निसटली हे कळतं का, एवढं भावाला जरूर विचारा. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि बायकांमध्ये स्तन, इतक्या ठिकाणच्या कर्करोगाशी दारूचा संबंध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं १९८८ मध्येच तिला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करतात हे सिद्ध झालेल्या गोष्टींत टाकलं, त्याच गटात तंबाखूही आहे. दोन्ही एकत्र आली की तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका बेरजेनं नाही, गुणाकारानं वाढतो. भाऊ गायछाप मळत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. आणि रोज थोडी घेतली तर हृदयाला चांगली, या जुन्या समजुतीबद्दल: २०२३ च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेनं स्पष्ट म्हटलं की आरोग्याच्या दृष्टीनं सुरक्षित असं दारूचं कुठलंही प्रमाण नाही.

आता श्रावण. गटारीच्या रात्री अपघात विभाग भरतो हे सगळ्यांना माहीत असतं. माझा वॉर्ड त्यानंतर दोन-चार दिवसांनी भरतो, हे फारसं कुणाला माहीत नसतं. गटारीला छातीपर्यंत प्यायची, आणि श्रावणाच्या पहिल्या दिवशी, देवाचं म्हणून, एकदम शून्य. सणासुदीला अधूनमधून घेणाऱ्याला यानं काही होत नाही, उलट महिनाभर यकृताला विश्रांती मिळते. पण रोजच्या पिणाऱ्यात सहा-आठ तासांत हात कापायला लागतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो. मुंग्या, झुरळं, साप, कोपऱ्यात उभी असलेली माणसं दिसतात. वेळ-जागेचं भान जातं, अंग तापतं, नाडी धावते. उपचार मिळाले नाहीत तर यात जीव जाऊ शकतो. गावाकडे अशा वेळी आधी देवऋषी बोलावतात, कारण श्रावणातच झालं म्हणजे बाहेरचंच असणार.

तुमच्या भावाच्या मुंग्या याच होत्या. आणि एकदा असं झालेल्याला पुढच्या वेळी जास्त जोरात होण्याचा धोका असतो. म्हणून यंदाचं ‘बंद’ दवाखान्यात व्हायला हवं. आम्ही पाच-सात दिवस क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपामसारखं औषध देतो, रोज कमी करत आणतो. वर सांगितलेला मेंदूचा चढलेला आवाज हळूहळू खाली आणायचं काम ते करतं. यकृताची अवस्था बघून कुठलं द्यायचं ते ठरतं. ही औषधं मेडिकलमधून आणून घरी देऊ नका. त्यावर दारू प्यायली तर श्वास बंद पडू शकतो.

सोबत बी-वनची इंजेक्शनं देतो, आणि इथं एक आग्रहाची गोष्ट. पेशंट अशक्त दिसला की नातेवाईक म्हणतात, “डॉक्टर, दोन सलाईन लावा.” बी-वन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं, तर मेंदूत उरलंसुरलं बी-वन संपतं आणि कायमची स्मृती जाऊ शकते. काल जेवलो की नाही हे न आठवणारे, मुलाचं लग्न झालेलं विसरून पुन्हा पत्रिका काढायला निघालेले पेशंट मी सांभाळले आहेत. ताई, तातडीच्या वेळी जवळच्या दवाखान्यात न्यावं लागलं तर “रोज दारू आहे” हे दारातच सांगा. लाजेपोटी लपवू नका.

पावडर. एसटी स्टँडच्या भिंतीवर ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ असं रंगवलेलं असतं, त्यातला हा माल. पुडीत काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. पुष्कळदा त्यात डायसल्फिराम असतं. हे खरं औषध आहे, मीही वापरतो. ते अ‍ॅसिटाल्डिहाइडचं पुढे विघटन होऊ देत नाही. त्यावर दारू घेतली की विष साठतं, चेहरा लाल होतो, डोकं फुटायला लागतं, धडधड, उलट्या, आणि रक्तदाब खाली जातो. गोळी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत असं होऊ शकतं. पेशंटला सगळं समजावून, त्याची सही घेऊन, यकृत आणि हृदय तपासून दिलं तर काहींना त्याचा चांगला आधार होतो. नकळत दिलं, तर तो नेहमीसारखा क्वार्टर मारणार आणि छातीत धडधडायला लागल्यावर काय झालंय हे ना त्याला कळणार ना डॉक्टरला. शिवाय एक दिवस त्याला कळतंच. मग तो बायकोच्या हातचं जेवत नाही. असं एक घर मी पाहिलं आहे. त्यांची दारू सुटली, पण ताट वेगळं राहिलं. वहिनींना दोष देत नाही, त्या थकल्या असणार. त्यांनाही एकदा सोबत आणा, त्यांच्या झोपेचं आणि डोकेदुखीचं बोलायला.

काय करायचं ते असं. गटारीची वाट बघू नका, येत्या दोन-चार दिवसांत भावाला सकाळच्या वेळी घेऊन जा. बोलायचं तेही सकाळीच, रात्री नाही. “तू दारुडा आहेस” असं म्हणू नका. तो तुम्हाला शेजारच्या गटारात पडलेल्या माणसाचं उदाहरण देईल आणि जिंकेल. एसजीओटीचा कागद आणि गेल्या वर्षीच्या मुंग्या, या दोनच गोष्टी बोला. सरकारी जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो. खर्चाची चिंता असेल तर तिथं जा. कुठं जायचं कळत नसेल तर १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे. दरम्यान फिट आली, बरळायला लागला, रक्ताची उलटी झाली, डांबरासारखी काळी शी झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर रात्र-दिवस न बघता हलवा.

अंगातून दारू काढायला आठवडा पुरतो. ती परत न येण्यासाठी वर्ष-दीड वर्ष लागतं. ओढ कमी करणारी औषधं आहेत, यकृत बघून त्यांतलं एक निवडतात. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांच्या आधारासाठी चालवलेला गट, त्याच्या सभा पुष्कळ गावांत होतात. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगणसारखी ठिकाणं आहेत, जिथं राहून उपचार घेता येतात. मधे एकदा तो घसरेल, बरेच जण घसरतात. त्या दिवशी डॉक्टरकडे जायची तारीख चुकवू देऊ नका, एवढंच बघा.

जाताना जुने रिपोर्ट, बीपी-शुगरच्या चालू गोळ्या आणि मुंग्यांच्या रात्रीचा तपशील सोबत ठेवा. किती पितोस विचारल्यावर तो ‘एक क्वार्टर’ म्हणेल. दुकानासमोरची नाईन्टी तुम्ही सांगा.